दीप आणि द्वीप : दुर्गम वस्त्यांतील लघु वीजप्रकल्पांचा एक अभ्यास

दर वर्षी जून महिन्यात आपल्या वसतिगृहात नवी मुले येतात. पहिल्या रात्री अभ्यासिकेचे दिवे मालवण्याची वेळ झाली की एखादे मूल भिंतीजवळ जाऊन विजेचे बटण दोन-तीनदा खाली-वर करून पाहते. ते मूल कोणत्या प्रकारच्या वस्तीतून आले आहे, हे मला तेवढ्यावरून कळते. पूर्वी अशी मुले पुष्कळ असत. आता त्यांची संख्या कमी झाली आहे, पण संपलेली नाही.

काही वर्षांपूर्वी इयत्ता सातवीच्या वर्गाला मी 'माझे गाव' हा निबंधाचा विषय दिला होता. डोंगरातल्या एका पाड्यावरून आलेल्या मुलाने लिहिले होते, की आमच्या पाड्यावर सौर दिव्याचा खांब आहे. तो पहिली दोन वर्षे लागला, आता त्याला आम्ही बैल बांधतो. वर्गातली मुले हसली. मला मात्र इतिहासाचा विद्यार्थी म्हणून त्या वाक्याने अस्वस्थ केले. दिवा कोणी लावला, त्याचे उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, हे फलकावर लिहिलेले असते. तो का विझला, हे कोठेच लिहिलेले नसते. या लेखात त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा माझा प्रयत्न आहे.

वीज प्रथम कोणाकडे गेली?

भारतातील जलविद्युतनिर्मितीचा प्रारंभ एका लहान प्रकल्पानेच झाला, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. १० नोव्हेंबर १८९७ रोजी दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे एका डोंगरी ओढ्यावर अवघ्या १३० किलोवॅट क्षमतेचे वीजगृह सुरू झाले. ती वीज थंड हवेच्या ठिकाणी राहणाऱ्या साहेबांच्या वस्तीत उजेड करण्यासाठी होती. १९०२ साली कावेरीवरील शिवनसमुद्र येथे वीजकेंद्र उभे राहिले; त्याची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे गेली. १९१५ साली खोपोलीचे टाटांचे वीजगृह सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. पुढे मुळशी येथे धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा ज्यांच्या भातशेतीवर पाणी येणार होते त्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला. धरण झालेच.

या चार घटना एकापुढे एक ठेवल्या की एक सूत्र दिसते. पाणी डोंगराचे, जमीन शेतकऱ्याची, श्रम मजुराचे. आणि उजेड मात्र दूरच्या शहराचा. ज्याच्या डोक्यावरून तारा गेल्या त्याच्या घरात दिवा लागलाच असे नाही.

बाबासाहेबांचे वीजधोरण

या पार्श्वभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे एक कार्य समजून घेतले पाहिजे. संविधानाचे शिल्पकार म्हणून बाबासाहेबांची थोरवी आपण सांगतो. परंतु १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना जलसिंचन आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते, याची चर्चा आपल्याकडे कमी होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विद्युतशक्तीविषयक धोरण समितीच्या बैठकीत त्यांनी अध्यक्ष म्हणून जे विचार मांडले त्यांचा आशय असा होता, की विजेचा प्रश्न हा केवळ अभियंत्यांचा प्रश्न नव्हे. दारिद्र्याच्या चक्रातून माणसांना बाहेर काढायचे तर उद्योगीकरण हवे आणि उद्योगीकरणासाठी स्वस्त व मुबलक वीज हवी. विजेची मालकी खाजगी असावी की राज्याची, हा प्रश्नही त्यांनी तेथे स्पष्टपणे उपस्थित केला. त्यांच्याच कारकीर्दीत १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळाची स्थापना झाली. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणीही याच काळातली.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नमूद करतो. बाबासाहेबांच्या डोळ्यांपुढे मोठ्या नद्यांची, मोठ्या प्रकल्पांची आणि राज्याच्या मालकीची वीज होती. पाड्यापुरत्या छोट्या वीजगृहाविषयी त्यांचे मत काय झाले असते, हे आपण त्यांच्या नावावर सांगू नये. परंतु त्यांनी घालून दिलेल्या कसोट्या आपल्याला वापरता येतात. वीज मुबलक आहे काय? स्वस्त आहे काय? ती माणसाला दारिद्र्यातून वर काढते काय? आणि तिची मालकी कोणाची आहे? कोणत्याही लहान-मोठ्या प्रकल्पाला हे चार प्रश्न विचारावेत.

'विद्युतीकरण झालेले गाव' म्हणजे काय?

स्वातंत्र्यानंतर खेड्यांचे विद्युतीकरण होत राहिले. परंतु सरकारी कागदावर गाव केव्हा 'विद्युतीकृत' ठरत असे, हे पाहण्यासारखे आहे. १९९७ सालापर्यंतची व्याख्या अशी होती, की गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी वीज वापरली गेली की ते गाव विद्युतीकृत. म्हणजे शिवारातल्या एका विहिरीवर पंप बसला की कागदावर सारे गाव उजळले! २००४ साली ही व्याख्या बदलली. गावातील वस्तीत, आणि जेथे दलित वस्ती असेल तेथे त्या वस्तीतही, रोहित्र व वाहिन्या पोहोचल्या पाहिजेत. शाळा, पंचायत कार्यालय, आरोग्यकेंद्र अशा सार्वजनिक ठिकाणी वीज असली पाहिजे. आणि किमान १० टक्के घरांत जोडणी असली पाहिजे, अशा अटी आल्या.

दलित वस्तीचा स्वतंत्र उल्लेख शासनाला व्याख्येत करावा लागला, यातच पूर्वीच्या पन्नास वर्षांचा इतिहास आला. माझ्या लहानपणी आमच्या गावात वीज आली, तेव्हा शेवटचा खांब चावडीपाशी थांबला होता. तेथून आमचा बौद्धवाडा दोनशे पावलांवर होता. ती दोनशे पावले चालून यायला विजेला सहा वर्षे लागली. त्या सहा वर्षांत आमच्या पिढीने रॉकेलच्या चिमणीवर अभ्यास केला. सकाळी नाकात काजळी असे.

२८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेसांग या गावात वीज पोहोचली आणि देशातील सर्व गावे विद्युतीकृत झाल्याचे जाहीर झाले. परंतु गाव आणि घर यांत अंतर असते. त्याआधी सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'सौभाग्य' योजनेत घराघरांत जोडणी देण्याचे उद्दिष्ट होते. जेथे तारा नेणे शक्य नाही अशा दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॅटचा सौर संच, ५ एलईडी दिवे, एक पंखा, एक प्लग आणि ५ वर्षांची देखभाल अशी तरतूद त्या योजनेत होती. या तरतुदीतले 'पाच वर्षांची देखभाल' हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. खांबाला बैल का बांधावा लागतो, याचे अर्धे उत्तर त्यांत आहे.

लघु वीजप्रकल्पाचे स्वरूप

देशभर पसरलेल्या वाहिन्यांच्या जाळ्याशी न जोडता एखाद्या वस्तीने स्वतःपुरती वीज निर्माण करणे, यास स्वतंत्र वीजव्यवस्था म्हणता येईल. तिचे मुख्य प्रकार तीन आहेत.

पहिला सौर. सौर पॅनेलमध्ये सूर्यप्रकाशाचे रूपांतर थेट विजेत होते. आपल्याकडे १ किलोवॅट क्षमतेच्या पॅनेलमधून स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण ४ युनिट वीज मिळते. पावसाळी ढगांत ती निम्म्यावर येते. रात्री वापरायची तर वीज बॅटरीत साठवावी लागते. बॅटरीची वीज घरातल्या नेहमीच्या उपकरणांना चालावी म्हणून इन्व्हर्टर लागतो.

दुसरा लघु जलविद्युत. ओढ्याचे पाणी उंचावरून पाइपने खाली आणून टर्बाइन फिरवायचे. यात धरणाची गरज नसते. छोटा बंधारा पुरतो आणि वापरलेले पाणी पुन्हा ओढ्यात जाते. हिशेब सोपा आहे : दर सेकंदाला किती घनमीटर पाणी, ते किती मीटर उंचीवरून पडते, या दोहोंचा गुणाकार करून त्यास ९.८१ ने गुणावे, म्हणजे किलोवॅट मिळतात. सेकंदाला १०० लिटर पाणी २० मीटर उंचीवरून पडत असेल तर हा आकडा १९.६ येतो; यंत्रातील घट वजा जाता त्यातले ११-१२ किलोवॅट हाती लागतात. आपल्या देशात १०० किलोवॅटपर्यंतच्या अशा प्रकल्पास 'सूक्ष्म' जलविद्युत म्हणतात. या व्याख्येनुसार सिद्रापोंगचे पहिले वीजगृहही 'सूक्ष्म'हून थोडेसेच मोठे होते.

तिसरा जैविक पदार्थांवर चालणारा. भाताचे तूस किंवा लाकडाचे तुकडे अपुऱ्या हवेत जाळून वायू तयार करायचा आणि त्यावर इंजिन चालवायचे. बिहारमध्ये भाताच्या तुसावर चालणारी अशी केंद्रे २००७ सालापासून उभी राहिली.

कायद्याची अडचणही पूर्वीइतकी राहिलेली नाही. विद्युत अधिनियम २००३ नुसार अधिसूचित ग्रामीण भागात वीज निर्माण करून वाटण्यासाठी परवान्याची गरज नाही.

एका पाड्याचा हिशेब

हा भाग मी वर्गात फळ्यावर शिकवतो, तसाच येथे मांडतो. चाळीस घरांचा पाडा समजा. प्रत्येक घरी ७ वॅटचे ४ दिवे ५ तास : १४० वॅट-तास. २८ वॅटचा पंखा ६ तास : १६८. मोबाइलसाठी १०. एकूण ३१८ वॅट-तास. चाळीस घरांचे झाले १२.७२ युनिट. शाळा आणि रस्त्यावरचे दिवे यांसाठी आणखी ३ युनिट धरले की रोज सुमारे १६ युनिट लागतील. बॅटरी, इन्व्हर्टर आणि तारा यांत पाचवा भाग वाया जातो; म्हणून २० युनिट निर्माण व्हावे लागतील. उन्हाळ्यात त्यासाठी ५ किलोवॅटचे पॅनेल पुरेल. श्रावणात मात्र तेवढ्याच विजेसाठी १० किलोवॅट लागेल, नाहीतर सर्वांनी वापर निम्मा करावा लागेल.

येथवर गणित झाले. पुढचा प्रश्न समाजशास्त्राचा आहे. श्रावणात वापर निम्मा करायचा, तर तो कोणी करायचा? एका घराने टीव्ही आणि इस्त्री लावली तर शेवटच्या घरातला दिवा मंद होतो. जेथे पाड्याचा कारभारी स्वतःच्या घरासाठी वेगळी जाड वायर ओढून घेतो, तेथे प्रकल्प वर्षभरही टिकत नाही.

आणि बॅटरी? शिसे-आम्लाची बॅटरी नीट वापरली, वेळेवर शुद्ध पाणी घातले, तर साधारण ४-५ वर्षे चालते. समजा, बॅटरीसंचाची किंमत ४ लाख रुपये आहे आणि तो ५ वर्षांनी बदलायचा आहे. म्हणजे ६० महिने आणि ४० घरे. प्रत्येक घराने दरमहा सुमारे १६७ रुपये केवळ बॅटरीसाठी बाजूला ठेवले पाहिजेत. ते ठेवले नाहीत तर सहाव्या वर्षी अंधार ठरलेला आहे. त्या मुलाच्या पाड्यावरचा दिवा ऊन संपल्यामुळे विझला नव्हता.

तीन गावांचे तीन धडे

पहिला धडा सुंदरबनातील सागर बेटाचा. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामध्ये नदीचे रुंद पात्र. तारा नेणे अवघड. १९९६ साली पश्चिम बंगालच्या अक्षय ऊर्जा संस्थेने तेथील कमलपूर गावी २६ किलोवॅटचे सौर वीजकेंद्र उभारले. पुढे बेटावर अशी आणखी केंद्रे झाली. वीज संध्याकाळी ठरावीक तासच मिळे, पण ती ठरलेल्या वेळी मिळे. दुकाने रात्री उघडी राहू लागली, मुले वाचू लागली. वीज वापरणाऱ्यांच्या सहकारी संस्थांना कारभारात वाटा होता. पुढे नदी ओलांडून मुख्य जाळ्याची वीज बेटावर आली आणि या केंद्रांचे महत्त्व ओसरले. तरीही मधल्या काळात एक पिढी उजेडात शिकली, हे मोल कमी नाही.

दुसरा धडा आपल्या महाराष्ट्रातला, नंदुरबार जिल्ह्यातील बिलगावचा. नर्मदेला मिळणाऱ्या उदई नदीवर तेथे धबधबा आहे. केरळातील तरुण अभियंते आणि नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते यांच्या साहाय्याने तेथील आदिवासी बांधवांनी श्रमदान करून बंधारा बांधला आणि २००३ च्या जानेवारीत १५ किलोवॅटचा सूक्ष्म जलविद्युत प्रकल्प सुरू केला. 'स्वदेस' या चित्रपटातील वीजनिर्मितीच्या प्रसंगामागे या प्रकल्पाची प्रेरणा असल्याचे सांगितले जाते. चित्रपट आपण सर्वांनी पाहिला. प्रकल्पाचे पुढे काय झाले, हे थोड्यांना ठाऊक आहे. २००६ साली सरदार सरोवराची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटरपर्यंत नेण्याचे काम सुरू झाले आणि त्याच पावसाळ्यातील पुराच्या पाण्यात बिलगावचे वीजगृह नष्ट झाले. मुळशीच्या मावळ्यांची आठवण येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला झाल्याशिवाय राहत नाही.

तिसरा धडा बिहारमधील धरनई गावाचा. २०१४ साली ग्रीनपीस संस्थेच्या पुढाकाराने तेथे १०० किलोवॅटचा सौर प्रकल्प झाला. उद्घाटनाला नेते आले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्यापुढे मागणी केली, की आम्हाला 'असली बिजली' हवी, 'नकली' नको. सौर विजेवर फ्रिज चालत नव्हता, दर अधिक होता. काही काळातच मुख्य जाळ्याची वीज गावात आली आणि तो प्रकल्प हळूहळू निरुपयोगी होत गेला. त्या गावकऱ्यांना अडाणी म्हणणारे लेख मी वाचले आहेत. मला ते अडाणी वाटत नाहीत. शहराला हवी तेवढी वीज आणि आम्हाला मात्र चार दिवे आणि एक पंखा, हा भेद त्यांनी ओळखला होता. गावकुसाबाहेरची वेगळी विहीर ज्या समाजाने पाहिली आहे, त्या समाजाला ही वेदना समजावून सांगावी लागत नाही.

म्हणून माझे मत असे आहे : दुर्गम वस्तीला स्वतःची वीज मिळाली म्हणून तिचा मुख्य जाळ्यावरचा हक्क संपत नाही. लघु प्रकल्प हा हक्काचा पर्याय नव्हे. हक्क मिळेपर्यंत अंधारात न राहण्याचा आणि तो मिळाल्यावरही स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा तो मार्ग आहे. जाळ्याशी पुढे जोडता येईल अशा रीतीनेच तो प्रथमपासून बांधला जावा.

अक्षयनीवीचा वारसा

देखभालीच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला नाशिकच्या लेण्यांची आठवण होते. तेथे उषवदाताचा शिलालेख आहे. त्याने भिक्षुसंघाला लेणे दान दिले, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने ३,००० कार्षापणांची 'अक्षयनीवी', म्हणजे कधीही खर्च न करावयाची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. २,००० एका श्रेणीकडे आणि १,००० दुसरीकडे. मुद्दल अबाधित राहावे आणि व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या चीवरांचा व अन्य खर्च चालावा, अशी ती व्यवस्था होती. कान्हेरीच्या डोंगरावर खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या पाहा. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. डोंगरावर पडणारे पाणी तेथेच साठवून संघाने सामाईकपणे वापरले.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या पूर्वसूरींना जे कळले होते ते आजच्या योजनांत का विसरले जाते? वास्तू दान करणे सोपे असते. ती चालू ठेवणारी ठेव आणि ती सांभाळणारी श्रेणी उभी करणे अवघड असते. पाड्याच्या वीजसमितीचे बँकेतले खाते ही आजची अक्षयनीवी आहे. त्या खात्याचा हिशेब दर महिन्याला सर्वांपुढे वाचला गेला पाहिजे. समितीत स्त्रिया असल्या पाहिजेत आणि पाड्याच्या टोकाला राहणाऱ्या घराचा प्रतिनिधी असलाच पाहिजे, कारण दिवा मंद झाल्याचे प्रथम त्यालाच कळते.

दुरुस्तीचे कौशल्यही गावातच राहिले पाहिजे. राजस्थानातील तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेजात अक्षरओळख नसलेल्या किंवा जेमतेम शिकलेल्या स्त्रियांना सहा महिन्यांत सौर संच जोडणे व दुरुस्त करणे शिकवले जाते; तारांचे व भागांचे रंग आणि हातवारे हीच तेथली भाषा. आफ्रिकेतील खेड्यांतल्या आज्याही तेथे शिकून गेल्या. ज्ञान हे विशिष्टांचे वतन नाही, हे त्यांनी हातांनी सिद्ध केले.

समारोप

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी भिक्खूंना स्वतःचे दीप होऊन राहण्याचा उपदेश केला, हे आपल्या शाळेतले प्रत्येक मूल जाणते. पाली भाषेत 'दीप' या शब्दाचे दोन अर्थ होतात : एक दिवा आणि दुसरा द्वीप, म्हणजे बेट. पुराच्या पाण्यात पाय टेकायला जी कोरडी जमीन लागते, ती बेट. अभ्यासक दोन्ही अर्थ सांगतात. सागर बेटावरच्या दिव्यांविषयी वाचताना मला हे दोन्ही अर्थ एकत्र आल्यासारखे वाटले.

माजी विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी आज वीज कंपनीत आहेत, कोणी अभियंते आहेत, कोणी ग्रामपंचायतीत निवडून आलेले आहेत, कोणी शिक्षक आहेत. या वर्षी आपापल्या गावी जाल तेव्हा एवढेच करा. गावात बंद पडलेला सौर खांब असेल तर त्याच्यापाशी थांबा. बॅटरी किती वर्षांची आहे, देखभालीचा करार कोणाशी होता, तो केव्हा संपला, हे ग्रामसभेत विचारा. उत्तर लेखी घ्या. आणि शेवटचा खांब कोठे थांबला आहे, तेही पाहून या.

निबंध लिहिणारा तो मुलगा पुढे आयटीआयमध्ये वायरमनचा अभ्यासक्रम पूर्ण करून गेला. गेल्या दिवाळीत तो भेटायला आला, तेव्हा मी त्या खांबाची चौकशी केली. तो म्हणाला, "सर, पाड्याने वर्गणी काढली, बॅटरी बदलली. बैल आता दुसरीकडे बांधतो."

जय भीम.